बिनसाखरेचे तेरा महिने

बॅरक नंबर ४, ट्रेनिंग सेंटर
२४ नोव्हेंबर २०२४

वामन काकाजीले निकेशचा जय भीम.

फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतले. रविवारी पाच मिनिटं मिळतात. त्यातले चार मिनिटं आई 'जेवला का' म्हणते अन एक मिनिट रडते. म्हणून तुमाले पत्र लिहून राह्यलो. दिवसभर हिंदी बोलून जीभ वाकडी झाली, कागदावर तरी आपली बोली असू द्या म्हटलं.

धावण्यात मी पहिल्या पाचात आहो. आमचे हवालदार (इथी त्यांले उस्ताद म्हणतात) इचारत होते, "कहाँ दौड़ा है तू?" म्या सांगितलं, गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोलीस पाटलासंगं. ते म्हणे, "पाटील को दौड़ाता था?" म्या म्हटलं, नाई साहेब, पाटील चालत होते. त्यांले शुगर आहे, डॉक्टरनं फिरायले सांगितलं, मी सोबतीले जात होतो अन बाजूनं धावत होतो. सारी लाइन हसली.

तुमची शुगर कशी आहे? आता पाळीवर संगं कोण येते? तिकडं साप निंगतात, एकटे जाऊ नका. आईले सांगून आलो आहो, पाटलाच्या चहात साखरेचा दाणा पडू देऊ नको.

परवा सुबेदार साहेबानं सगळ्याइले मैदानात बसवून सांगितलं, पहिले कोणी काही नशा केली असन तर आत्ताच सांगा, मागून निघालं तर बिस्तर गोल. म्हणजे घरी. दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूच्या दोन खाटा रिकाम्या दिसल्या. सांगितलं म्हणून गेले का लपवलं म्हणून गेले, कोणालेच माहीत नाई. मले काही नाई, मी आपलं सहज सांगितलं.

काकाजी, पोलीस पडताळणीचा कागद गावात येते तेव्हा त्यात काय काय इचारतात?

तुमचा
निकेश


बोडीटोला, ता. कुरखेडा
६ डिसेंबर २०२४

चि. निकेश यास वामनरावाचा रामराम.

आज सहा डिसेंबर. सकाळी विहारात जाऊन आलो, आता ओसरीवर बसून हे लिहितो आहे. तुझं पत्र पोस्टमननं आधी पानठेल्यावर वाचायला ठेवलं होतं की काय कोण जाणे, कारण मी फोडायच्या आत तू पहिल्या पाचात असल्याचं गावाला माहीत होतं.

पडताळणीत काय विचारतात म्हणतोस. विचारतात, हा इसम कसा आहे? आणि पोलीस पाटील लिहितो, 'वर्तणूक चांगली, निर्व्यसनी.' बारा वर्षांत मी हे वाक्य इतक्या जणांना दिलं आहे, की बोडीटोल्याच्या हद्दीत व्यसन म्हणून काही उरलेलं नाही. जिल्ह्यात दारूबंदी तीसेक वर्षांची. त्यामुळे गावात दारू मिळत नाही, आणि ती कुठे मिळत नाही हे कोणालाही विचार, तो बोट करून दाखवतो. माझं रोजचं रजिस्टरही तसंच. दर पानाच्या शेवटी 'गावात शांतता आहे.' मागच्या आठवड्यात लच्छू आणि झिंगू काठ्या घेऊन एकमेकांच्या मागे तलावाभोवती तीन फेरे पळाले, त्या दिवशीही शांतताच होती.

तुझा बाप इस्तारी शिंगाडे काढतो आहे. यंदा वेल चांगला आहे, पण पाण्यात उभं राहून त्याच्या पायाची सालं निघाली आहेत. तुझी आई देवकाबाई तुझ्यासाठी काहीतरी वाळत घालते आहे, मला सांगत नाही. चहा मात्र तुझ्या हुकुमाप्रमाणे देते. काल मी म्हटलं, "बाई, अर्धा चमचा टाक, मरणार नाही मी." तर म्हणाली, "निकेशनं सांगलं हाये. त्याले काय तोंड दाखवू?" मिल्ट्रीत तू गेलास आणि शिस्त माझ्या घशाला आली.

रिकाम्या खाटांकडे पाहू नकोस. आपल्या खाटेची चादर ताण.

तुझा
वामनराव


बॅरक नंबर ४
२० डिसेंबर २०२४

वामन काकाजीले जय भीम.

हे पत्र कोणाले दाखवू नका. आईले तर नाईच.

बारावीनंतर मी भद्रावतीकडं ठेकेदाराच्या कामावर गेलो होतो, तुमाले माहीत आहे. तिथी खोलीवरची पोरं गांजा ओढत होती. पहिले म्या गमतीनं ओढला. मंग रोज. गावी आलो तरी सुटला नाई. पाळीच्या मांगं पळसाच्या झाडीत बसून ओढत होतो. पहिल्या भरतीत सोळाशे मीटरमध्ये तिसऱ्या फेरीले पडलो, तेव्हा साऱ्याइले सांगितलं का ऊन लागलं. ऊन नव्हतं लागलं.

मांगच्या सालच्या तान्ह्या पोळ्यापासून सोडला. म्हणजे तुमी ज्या दिवशी सोबतीले बोलावलं त्याच दिवसापासून. तुमाले माहीत नसन, पण तुमच्या शुगरनं मले वाचवलं. सकाळी तुमच्यासंगं जायचं असे, म्हणून मी सांजच्याले ओढत नव्हतो. तुमी आजारी माणूस, माझ्या भरवशावर पाळीवर येता, अन मी झिंगून पडलो तर? हेच डोक्यात राहे.

भरतीच्या फॉर्ममध्ये रकाना होता, कधी नशा केली का. भरतीची तयारी घेणाऱ्या अकादमीच्या सरानं सांगितलं, 'नाही' लिही, सगळेच लिहितात. म्या लिहिलं.

आता पडताळणीचा कागद तुमच्याकडं येईन. हात जोडतो काकाजी, निर्व्यसनी लिहून द्या. तुमी बारा वर्षं देताच ना. मले घरी पाठवलं तर बाबा काही बोलणार नाई, जाळं उचलून तलावावर जातीन, अन तेच मले सहन होणार नाई. पण तुमी लिहून दिलं अन मागून निघालं तर तुमची सही खोटी पडते. तेही समजते. चार रात झाल्या, झोप नाई.

उस्तादानं इचारलं तर काय सांगू? तुमी सांगसान तसं करतो.

निकेश


बोडीटोला
३० डिसेंबर २०२४

चि. निकेश यास रामराम.

पत्र पोचलं. चुलीत घातलं.

पडताळणीचं माझ्याकडे लागलं. तू त्याचा विचार सोड.

उस्तादाला काय सांगायचं, ते मी सांगणार नाही. माझं ऐकून खोटं बोललास तर ते नोकरीची चारही वर्षं पाठ ठेवावं लागेल, आणि पाठांतरात तू किती कच्चा आहेस हे मी पंधरा ऑगस्टच्या भाषणात पाहिलं आहे. दोन ओळींनंतर 'जय हिंद' म्हणून उतरला होतास. आणि माझं ऐकून खरं बोललास, तर ते खरं माझं होईल. तू वीस वर्षांचा आहेस. स्वतःच्या मालकीचं काहीतरी असू दे.

देवकाबाईनं पार्सल दिलं आहे. डबा मीच कुरखेड्याच्या पोस्टात शिवून दिला. आत काय आहे विचारू नको म्हणाली. मी विचारलं नाही, पण बसमध्ये माझ्या शेजारचा माणूस दोनदा वास घेऊन माझ्याकडे आदरानं पाहत होता.

वामनराव

ता. क. मी फिरायला जातो. साप अजून भेटला नाही.


बॅरक नंबर ४
१९ जानेवारी २०२५

वामन काकाजीले जय भीम.

आधी लाडवाची गोष्ट सांगतो, कारण सारं तिथूनच झालं.

आईनं मोहफुलाचे लाडू पाठवले. आपल्याइकडं बाळंतिणीले देतात, लेकराइले देतात. पण गेटवरच्या पहारेवाल्या शिपायानं जन्मात मोहफूल पाहिलं नव्हतं. डबा उघडला अन वास आला, तर तो मांगं सरकला. "ये तो दारू है!" म्या म्हटलं, लाडू होय. "दारू का लड्डू?" झालं. दोघंजण डबा हातभर दूर धरून पुढं, मी मांगं, अशी आमची वरात कंपनी ऑफिसात. सुबेदार साहेब म्हणे, "मैंने नौकरी में बहुत नशा पकड़ा है, गोल-गोल बाँधकर माँ ने भेजा हुआ पहली बार देखा."

मेजर साहेबापुढं उभं केलं. म्या सांगितलं, वाळलेलं मोहफूल भाजतात, तीळ, जवस, गूळ टाकून कुटतात. दारू वेगळी, ते सडवून करतात. साहेबानं एक लाडू मोडला, वास घेतला, इवलासा खाल्ला. म्हणे, "खाने की चीज़ है. जाओ."

सुटलो होतो काकाजी. 'पीछे मुड़' केलं होतं, तोंड दाराकडं होतं. तेवढ्यात साहेब कागद पाहत पाहतच बोलले, "वैसे, कभी कोई नशा किया है?"

'नहीं साहब' एवढंच म्हणायचं होतं. फॉर्ममध्ये तेच होतं. पण मले तुमचं ते पाठांतर आठवलं. चार वर्षं हे तोंडपाठ ठेवणं आपल्याच्यानं होणार नाई. मी परत फिरलो अन म्हटलं, "जी साहब. गांजा." किती दिवस, कुठी, सगळं सांगितलं. तान्ह्या पोळ्याले सोडला हे सांगितलं. मधात दोनदा परत ओढला, दिवाळीत दोन दिवस अन होळीत एक दिवस, तेही सांगितलं. ते म्या तुमाले पत्रात लिहिलं नव्हतं. लाज वाटली होती.

साहेबानं ऐकून घेतलं. खण उघडला, एक फाइल काढली, अन क्लर्कले दिली. क्लर्क नांदेडकडचा, मराठी. त्यानं उभ्यानं वाचलं. मले ते पाठ झालं, पाठांतरात कच्चा असून.

'सदर उमेदवार निकेश इस्तारी नान्हे हा गांजा ओढत होता. दि. १५ सप्टेंबर २०२३ पासून बंद आहे. मधल्या काळात दोन वेळा घसरला. दिवाळीत दोन दिवस, होळीत एक दिवस. त्यानंतर नाही. रोजच्या रजिस्टरची नक्कल सोबत जोडली आहे. ही माहिती ऐकीव नाही, मी तेरा महिने रोज सकाळी त्याच्यासोबत होतो. गावातल्या दुसऱ्या कोणाबद्दल इतक्या खात्रीनं लिहू शकणार नाही, माझ्यासकट. घेतला तर बरं होईल. वामनराव, पोलीस पाटील, बोडीटोला.'

खाली तारीख १२ डिसेंबर. म्हणजे म्या हात जोडून पत्र लिहिलं, त्याच्या आठ दिवस आधीच तुमी लिहून बसले होते.

पहिले मले तुमचा राग आला, लपवत नाई. खूप आला. साहेब म्हणाले, "गांजा माफ हो सकता है. फॉर्म पर जो 'नहीं' लिखा है, वो कैसे माफ करूँ?" सात दिवस पाठीवर वजन भरलेला पिठ्ठू बांधून जादा कवायत दिली. तपासणीले नेलं. एक महिना नजरेखाली ठेवून मंग सांगतीन, ठेवायचं का पाठवायचं.

खांदे सोलले आहेत. पण चार रातीचा झोपेचा उधार फिटला.

तुमाले माहीत होतं तर मले काऊन नाई सांगितलं? अन त्या रजिस्टरमध्ये काय आहे?

निकेश


बोडीटोला
२९ जानेवारी २०२५

चि. निकेश यास रामराम.

रागाचं वाचलं. हक्काचा आहे, ठेव.

आता कबुली माझी. मला शुगर नाही. कधीच नव्हती.

तू पहिल्या भरतीतून ऊन लागून परत आलास, तेव्हा आभाळ भरलेलं होतं. मी पोलीस पाटील आहे, एवढी चौकशी मला जमते. पळसाच्या झाडीत वास यायचा, आणि तो विडीचा नव्हता. तुला बोलावून उपदेश केला असता तर तू मान हलवून 'हो काकाजी' म्हणाला असतास आणि दुसरी झाडी शोधली असतीस. ठाण्यात कळवलं असतं तर भरतीचं नाव संपलं असतं. मग तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती तेव्हा, मला शुगर झाली. आजारी माणसाला सोबत लागते म्हटल्यावर तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक होतं. इस्तारीचा मुलगा आहेस.

पुढचं मात्र मी धरलं नव्हतं. तू गावभर सांगितलंस. घरोघरी मला बिनसाखरेचा चहा सुरू झाला. लग्नात जिलेबीचं ताट माझ्यासमोरून उचललं जाई. माझ्या घरची बाई खरं जाणत होती, तीही हसत हसत फिक्का चहा ठेवायची. म्हणे, "गाव देते तर मी कशी चुकू?" तेरा महिने, बाबू. हुतात्म्यांच्या यादीत माझं नाव नाही, एवढंच.

रजिस्टरमध्ये रोज एकच ओळ आहे. 'नि. आला.' तीन दिवस 'नि. आला नाही.' आणि त्याखाली 'गावात शांतता आहे.' त्या तीन दिवशी ते वाक्य लिहिताना हात थांबला होता.

तुला खोटं का लिहून दिलं नाही, ते ऐक. माझ्या भावाचा मुलगा आहे, आदेश. त्याला सहा वर्षांपूर्वी मी 'निर्व्यसनी' लिहून दिलं होतं, तुझ्यासारखंच हात जोडल्यावर. सुरक्षारक्षकाची नोकरी लागली, सात महिन्यांत सुटली. तो परत आला तेव्हा कोणी त्याला काही विचारलं नाही. कागदावर तो चांगला होता ना! मीच सही केलेली, मीच कशाला विचारीन? आता पानठेल्याच्या बाकावर दिवस काढतो. माझ्या एका ओळीनं त्याच्याकडे पाहणं बंद झालं. तुझा कागद ठाण्यातून आला तेव्हा हवालदार म्हणाला, "लिहा पाटील, नेहमीचं." नेहमीचं लिहायला पेन उघडलं, आणि डोळ्यांसमोर बाकावरचा आदेश दिसला. मग रजिस्टर काढलं.

लिहिल्यानंतर मात्र झोप तुझ्यापेक्षा माझी जास्त गेली. तुझं हात जोडलेलं पत्र आलं तेव्हा कागद जाऊन आठवडे झाले होते. तुला सांगितलं असतं, तर तू भीतीनं खरं बोलला असतास. म्हणून गप्प बसलो. ते बरोबर होतं का, मला अजून माहीत नाही. त्यांनी घरी पाठवलं तर गाडीभाडं घेऊन मी स्वतः आणायला येईन, ते मात्र ठरलेलं आहे.

देवकाबाईला सांगावं लागलं, कारण लाडवाचं काय झालं म्हणून रोज दारात येत होती. घाबरत घाबरत गांजाचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मले का नाक नाई, पाटील? त्याचे शर्ट कोण धुवे?" मग म्हटलं, बोलली का नाहीस? तर म्हणे, "तुमी त्याले पाळीवर नेत होते. म्हटलं, पाटलाचं काम सुरू आहे, मधात कायले पडा." म्हणजे गावात गुपित राखणारा मी एकटाच होतो, आणि ते गुपितही नव्हतं.

पण शुगरचं तिला सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

वामनराव


बॅरक नंबर ४
२३ फेब्रुवारी २०२५

काकाजी, जय भीम, जय भीम, जय भीम!

ठेवलं.

काल मेजर साहेबानं बोलावलं. तपासणीत काही नाई निघालं. साहेब म्हणाले, "दो आदमियों ने एक-दूसरे से पूछे बिना एक ही बात लिखी और बोली. तारीख तक. ऐसा मेरे पास रोज़ नहीं आता." मंग म्हणाले, चार वर्षांनी चारातला एकच ठेवतात, ते तुझ्या कामावर. आज मात्र तू इथी आहे. म्या सलाम ठोकला. सुबेदार साहेबानं तेवढ्यातही हनुवटी वर कराले सांगितलं.

आता नवीन तुकडी आली. त्याइच्यापुढं मले उभं करतात अन म्हणतात, सांग. मी सांगतो. काल एक पोरगा माझ्या खाटेजवळ येऊन बसला. म्या काही इचारलं नाई. म्हटलं, "भाऊ, मेरा घुटना दुखता है, सुबह मैदान का एक चक्कर मेरे साथ लगाएगा?" माझा गुडघा एकदम चांगला आहे, काकाजी.

तुमाले काय लिहू? राग होता तो पिठ्ठूच्या तिसऱ्या दिवशीच गेला. अन तुमचं शुगरचं पत्र आलं त्या दिवशी धावता धावता मी मोजत होतो, तेरा महिने म्हणजे किती कप फिक्का चहा होते. सकाळचा, दुपारचा, अन लोकाइच्या घरचा. हजारावर गेलो अन उस्ताद ओरडले, "हँस क्यों रहा है?"

बाबानं मले पोहणं शिकवलं, आईनं पोसलं, ते तर आहेच. पण कोणी माझ्यासाठी खोटं दुखणं घेतलं, अन मंग माझ्यासाठी खरं लिहिलं, असा माणूस मले एकच भेटला. याच्यावर लिहिता येत नाई. जूनमध्ये कसम परेड आहे. तुमी, आई अन बाबा, तिघंही या. तुमी नाई आले तर मी कसम खाणार नाई, असं म्हणालो असतो, पण सुबेदार साहेब आत्ता खांद्यावरून वाचून राह्यले.

निकेश

ता. क. सुबेदार साहेब इचारतात, लाडू आणखी येणार का.


बोडीटोला
११ जून २०२५

चि. निकेश यास रामराम.

आम्ही सुखरूप पोचलो. इस्तारी परतीच्या गाडीत अहेरीच्या एका अनोळखी माणसाला तुझी परेड उभं राहून करून दाखवत होता. त्याच्या नव्या बुटानं टाच सोलली आहे, पण काढत नाही. तलावावर तरी काढेल अशी आशा आहे.

तू गर्दीत आमच्यापर्यंत येईतो काय झालं ते तुला ठाऊक नाही. मैदानाबाहेर कॅन्टीनजवळ बसलो होतो. देवकाबाईनं तीन चहा आणले. मी म्हटलं, आज सांगून टाकतो. "बाई, एक बोलायचं होतं. मला ती शुगर..." तिनं माझ्या कपात साखरेची एक पुडी फोडली. मग दुसरी. मग इस्तारीच्या पुढ्यातली तिसरी. हलवून कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "प्या पाटील. पोरगं लागलं आता. तुमाले बरं वाटत असन."

म्हणजे तिला तेही ठाऊक होतं. केव्हापासून, हे विचारायचं बळ माझ्यात नव्हतं. मी आयुष्यभर चौकश्या केल्या आणि त्या बाईनं तांदूळ निवडता निवडता माझीच पुरी केली. तरी तेरा महिने आणि वर आणखी सात महिने तिनं मला साखरेचा दाणा दिला नाही, कारण तू सांगितलं होतंस.

चहा भयंकर गोड होता. सवय राहिलेली नाही. पण ती पाहत होती, म्हणून शेवटचा घोट, तळाच्या साखरेसकट, घेतला.

काल सकाळी पाळीवर निघालो. पानठेल्याच्या बाकावरच्या आदेशला हाक मारली. म्हटलं, "अरे, मला डॉक्टरनं बीपीचं सांगितलं आहे. एकट्याला जायला नको म्हणे." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला खरं कळलं असणार, तो काही वीस वर्षांचा नाही. पण चपला घातल्या आणि अर्ध्या पाळीपर्यंत आला. आता गावात मला कोणी मीठही देणार नाही.

घरी येऊन रजिस्टर उघडलं. तू गेल्यापासून तुझ्या नावापुढे रोज नुसती रेघ ओढत होतो. काल लिहिलं, 'नि. लागला. आ. आला.' आणि त्याखाली नेहमीचं वाक्य लिहिण्याआधी पेन खाली ठेवून ओसरीवर आलो, सगळीकडे नीट पाहिलं. लच्छू आणि झिंगू एकाच जाळ्याची दोन टोकं धरून भांडत होते, इस्तारी बूट घालून पाण्यात उतरत होता, आणि तुझी आई काठावरून त्याला शिव्या देत होती.

आत जाऊन लिहिलं. गावात शांतता आहे.

तुझा
वामनराव